पाहुणा=रामाजी

"तुह्याच पोराच्या लग्नाले तूच येजो, रामाजी. आमचं काय काम?"

कैलासनं अंगणातूनच फोन उंच धरला. पडद्यावर झेंडूच्या माळेखाली लिहिलं होतं: आदरणीय रामाजी, आपण सहकुटुंब यावे.

जागृतीनं कपाळाला हात लावला. अश्वजितच्या, तिच्या भावाच्या, लग्नाची ही पत्रिका तिनंच बनवली होती, वेबपानावर. पत्त्याच्या शेपटाला ज्याचं नाव जोडाल, त्याला पान उघडताच नावानिशी आवतण. बाबांना नमुना म्हणून त्यांच्याच नावाची पाठवली होती.

…/मंगल-परिणय?पाहुणा=रामाजी

बाबांना ती इतकी आवडली की त्यांनी सकाळी अख्ख्या आंजी गावाला पुढं पाठवून दिली.

कैलास हसत हसत गेला. गावानं हसावं, त्याचं काही नाही. पण रामाजी अजून उभेच होते, हातात फोन.

"आष्टीले बी गेली," ते म्हणाले. "बाईले."

बाई म्हणजे कमलाबाई, त्यांची आष्टीला दिलेली थोरली बहीण. नवरदेवाला पहिली हळद तिच्या हातची. ती नाही, तर हळदच नाही.

"रागावली?"

"म्हने, माहं नाव लिवाले बी तुले जड झालं का."

"मग आत्ता तिच्या नावाची पाठवून देऊ ना, बाबा."

"म्या म्हनलं थे. तर म्हने, मागून सुचलेली पत्रिका मले नोको. नोको म्हंजे नोको." रामाजी खाटेवर बसले. "येत नाई आता थे."

जागृतीनं लॅपटॉप मांडीवर ओढला. गेलेला पत्ता परत बोलावता येत नाही. पण तो जिथं जाऊन उघडतो ते पान अजून तिच्याच हातात होतं. पान उघडलं की आधी स्वतःचाच पत्ता वाचतं. वाचतं, तर बदलूही शकतं. ती कोड लिहायला लागली. माणसांच्या भाषेत सांगायचं तर असा:

पत्ता वाच.
शेवटी रामाजी असेल,
तर तिथं

बोट थांबलं. तिथं कोण? उघडणारा कोण आहे, हे पानाला कुठं ठाऊक? नाव विचारावं? सख्ख्या आत्याला लग्नाच्या पत्रिकेनं विचारायचं, आपण कोण?

"बाबा, एकच नाव टाकता येते. ज्यानं ज्यानं ही पत्रिका उघडली, त्या सगळ्यायले थेच दिसन."

"मंग बाईचं टाक."

"कैलासकाकाले बी कमलाबाई दिसन."

"दिसू दे." रामाजींनी चपला पायात सरकवल्या. "गावाले मी घरोघरी जाऊन सांगतो. समोर उभा राह्यलो का येतेत लोकं. बाईले मातर पत्रिकेतच दिसलं पायजे."

तर तिथं कमलाबाई लिही.
पान पुन्हा उघड.

तिनं बाबांची सकाळची पत्रिका आपल्या फोनवर उघडली. वरच्या पट्टीत रामाजी क्षणभर दिसले न दिसले, आणि जागा कमलाबाईंनी घेतली.

आंजीत त्यानंतर काय झालं असेल ते जागृतीनं पाहिलं नाही, ऐकलं. गल्लीत कुणीतरी ओरडून कुणालातरी विचारत होतं, तुह्या फोनात बी कमलाबाईच हाय का?

संध्याकाळी फोन वाजला. आत्याचा. भावाला नाही, भाचीला.

"जागृती, ह्या आंजीच्या बायायले काय झालं? सारख्या फोन करून राह्यल्या. तुही पत्रिका आमच्या घरी आली म्हनतेत."

"तू तुही उघडून पाह्यली का, आत्या?"

"पाह्यली. सकाळी त्याचं नाव होतं, आता माहं हाय. थेच पत्रिका." आवाज जरा खाली आला. "सगळ्या गावाले माहंच नाव?"

"सगळ्या गावाले."

"आन त्यायले बलावनं?"

"बाबा गेले ना, घरोघरी. अजून आले नाई."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. आत्यानं ती होऊ दिली.

"म्हंजे पत्रिकेवर अख्ख्या गावाच्या जागी मी एकटीच?"

"एकटीच."

"मंग त्याले सांग," कमलाबाई म्हणाल्या, "गाडी मोठी धाडजो."