फाट्यावरचं विमान

गजराबाईनं पदर कमरेला खोचला आणि विमानाच्या शेपटीखालच्या जिन्यावर पाय ठेवला. सून शिवकन्या हात द्यायला पुढं झाली, तर म्हातारीनं तो झटकला. मुरूम गावच्या फाट्यावर कल्याणप्पानं हे मोडीतलं विमान आणून हॉटेल थाटल्यापासून अख्खं गाव आत चहा पिऊन आलं होतं. तीच तेवढी राहिली होती.

तिचा लेक वैजनाथ असल्याच विमानांचा मेकॅनिक. आफ्रिकेत होता. चोवीस वर्षांमागं कंपनीचं पत्र आलं, विमान समुद्रात गेलं, वैजनाथही त्यातच होता. हाडसुद्धा सापडलं नाही. गजराबाईनं पत्र चुलीत घातलं. मढं बघितल्याबिगर म्या लेकाला मेला म्हणणार न्हाय, असं तिनं भावकीला तोंडावर सुनावलं. सुनेच्या कपाळाला कुणी हात लावला तर तो हात मोडीन, असंही.

तेव्हापासून शिवकन्या रोज कुंकू लावायची. सासूच्या हट्टापायी पोरीचा जन्म वाया गेला, असं बाया पाठीमागं बोलायच्या. शिवकन्या ऐकायची आणि कामाला लागायची.

आत कल्याणप्पा कौतुकानं सांगत होता. साठ वर्षांमागं इंग्लंडात बनलेलं हे ‘वन-इलेव्हन’. आधी तिकडच्या लोकांना सुट्टीला समुद्राकाठी न्यायचं. जुनं झाल्यावर आफ्रिकेत विकलं. तिथं माणसं वाहिली, मग माल वाहिला. शेवटी मुंबईत गंजत पडलं, तिथनं पंख कापून ट्रेलरवर इथं.

“आन् हे पाण्यात पडलं, तर माणूस निघतो कुठनं?” गजराबाईनं विचारलं.

कल्याणप्पाचं कौतुक तिथंच थांबलं. त्यानं मधल्या सीटांजवळची खिडकीवजा दारं दाखवली. म्हातारीनं विती टाकून दार मापलं. वैजनाथ बापावर गेलेला, रुंद खांद्यांचा. तिनं पुन्हा मापलं. मग ती सीटवर बसली ती बसलीच. चहावर साय धरली.

“पोरी,” ती म्हणाली, “म्या लई ताणलं. ना सवाशीण, ना रांडव, असं टांगून ठिवलं तुला. लेक गेला माझा.”

शिवकन्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. रडून रडून आटलं असंल, असं गजराबाईला वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला सुनेपुढं मान वर करता येईना.

आठव्या दिवशी ओढ्याकाठी भावकी जमली. भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मढं न सापडलेल्या माणसाला असाच अग्नी देतात. त्याआधी बायकोचं कुंकू पुसायचं असतं. शेजारची कमलबाई पुढं झाली, तर गजराबाईनं तिला मागं सारलं. ज्या हातानं राखलं त्याच हातानं पुसीन, म्हणाली. पदराचं टोक ओढ्यात भिजवून ती सुनेसमोर उभी राहिली. हात तिच्या कपाळाकडं नेला.

शिवकन्यानं तो हात वरच्यावर धरला. चोवीस वर्षांत तिनं सासूला कधी अडवलं नव्हतं. सासूच्या कानाशी वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती बोलली.

“माय, पुसू नका. गेल्या दिवाळीलाच त्यांचा फोन आला होता. त्यांची धाकटी पोरगी बोलली माझ्यासंगं. मला आत्या म्हणती ती.”