सोमवारचा सर्व्हे

"काकी, तुम्ही फक्त येऊन बसायचं. बोलायचं काम माझं."

निमेशनं हे काल सांगितलं होतं. प्रेमाताईंना त्याचा अर्थ आज लागला, साकीनाक्याच्या गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्यावर. निमेश त्यांच्याच सोसायटीतला विमा एजंट. अपघातातल्या गाडीचा सर्व्हे, म्हणजे नुकसानीची पाहणी, त्यानं मुद्दाम सोमवारी ठेवला होता. सोमवारी दिवेलागणीपर्यंत प्रेमाताई मौन पाळतात, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. बावीस वर्षांत एकही सोमवार चुकला नव्हता.

समोर त्यांची पांढरी गाडी उभी होती. निवृत्तीच्या फंडातून घेतलेली, साठी जवळ आल्यावर शिकून स्वतः चालवलेली. डावी बाजू पार आत गेली होती.

विमा कंपनीची सर्व्हेअर श्वेता, तिशीच्या आतली मुलगी, गाडीखाली वाकून उठली.

"सांगाडाच वाकलाय. दुरुस्तीला गाडीच्या किमतीएवढा खर्च येईल. त्यापेक्षा पॉलिसीत लिहिलेली किंमत मिळेल. तीन लाख ऐंशी हजार."

प्रेमाताईंचा मुलगा सिद्धेश इतका वेळ उभा होता, तो टायरवर बसला.

"गाडी कोण चालवत होतं?" श्वेतानं फॉर्म उघडला.

"मी," सिद्धेश म्हणाला.

प्रेमाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो पायातल्या बुटाकडे बघत होता. गुरुवारी सकाळी, अपघात झाला तेव्हा, तो ऑफिसात होता. गाडीत त्या एकट्याच होत्या. आणि त्यांच्या लायसन्सची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती. आरटीओनं नूतनीकरणाची तारीख सोमवारची दिली होती. तिथं विचारलेल्या प्रश्नांना उत्तर कसं देणार, म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली होती. एवढंच झालं होतं. पण एवढ्यावर क्लेम जातो, हे निमेशनं सिद्धेशला समजावलं होतं.

"आणि अपघात कसा झाला?"

"रिक्षा राँग साइडनं आली, मॅडम," निमेश म्हणाला. "एकदम सुसाट. ह्यानं वाचवायला गाडी फिरवली, ती खांबावर गेली. रिक्षावाल्यांचं तुम्हाला माहीतच आहे."

प्रेमाताई उठल्या. श्वेतासमोर जाऊन त्यांनी हात पुढे केला.

"पेन?" श्वेता गोंधळली. "काकींना काही सांगायचंय का?"

"आई, सोमवार आहे तुझा," सिद्धेश हळूच म्हणाला.

त्यांनी मान डोलावली. सोमवार आहे, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पेन घेऊन त्यांनी फॉर्मवर, शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा सुट्या अक्षरांत लिहिलं. गाडी मी चालवत होते. माझं लायसन्स संपलेलं होतं. रिक्षा कडेला उभी होती, रिक्षावाला चहा पीत होता, मीच जाऊन तिला धडकले. चूक माझी. खाली सही केली, तारीख घातली.

श्वेतानं ते दोनदा वाचलं. "काकी, हे असंच पाठवलं तर क्लेम नामंजूर होईल. कळतंय ना तुम्हाला?"

प्रेमाताईंनी आणखी एक ओळ लिहिली. क्लेम मी मागे घेत आहे.

"वाट लागली," निमेश म्हणाला. "तीन लाख ऐंशी हजार, काकी. त्या रिक्षावाल्यासाठी? तो तुम्हाला ओळखत तरी असेल का?"

श्वेतानं फॉर्म फाइलमध्ये ठेवला आणि जाताना, कोणी सांगितलं नसताना, प्रेमाताईंना वाकून नमस्कार केला.

ती गेल्यावर मेस्त्री पुढे आला. "ताई, आता हे भंगारच. सत्तर हजार देतो, आहे तशी उचलतो."

प्रेमाताईंनी पिशवीतून फाइल काढली. चारही टायरचं सहा महिन्यांपूर्वीचं बिल त्याच्यापुढे धरलं. मग बॅटरीचं. मग बॉनेट उघडायला लावून इंजिनावर बोटानं टकटक केलं. त्याला ओरखडाही नव्हता. बिलाच्या मागे त्यांनी आकडा लिहिला. एक लाख दहा हजार.

मेस्त्रीनं ऐंशी लिहिले. त्यांनी ते खोडले. त्यानं नव्वद लिहिले. त्या फाइल पिशवीत ठेवू लागल्या.

"एक लाख. बस," मेस्त्री हसत म्हणाला. "बरं झालं आज बोलत नाही तुम्ही. बोलला असतात तर गॅरेज लिहून घेतलं असतंत."

घरी परतल्यावर सिद्धेश जिना चढताना म्हणाला, "चुकलं माझं, आई." दोन पायऱ्यांनंतर म्हणाला, "एक लाखात थोडे घालून तुझ्यासाठी जुनी छोटी गाडी बघू या. चालेल?" त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो होकार समजून तो दारातच मोबाइलवर गाड्या शोधत बसला.

दिवेलागण झाली. प्रेमाताईंनी देवापुढे निरांजन लावलं, हात जोडले. बावीस वर्षं मौन सुटताना पहिला शब्द महादेवाच्या नावाचा असे. आज त्यांनी चेकबुक पिशवीत टाकलं, चपला घातल्या आणि फोन कानाला लावला.

"भीमराज, मी प्रेमा. तुमची मोडलेली रिक्षा दुरुस्त करून देते म्हणाले होते ना गुरुवारी, तीच मी. जोगेश्वरीला यायला निघालेय, घरीच थांबा."

मग त्यांनी महादेवाचं नाव घेतलं आणि जिना उतरायला लागल्या.