सूपभर कोंडा

मोशीच्या गवराबाईची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरं झालं तेव्हा मरणाचा डोळा चुकवायला तिनं जुनी रीत पाळली. सूपभर कोंडा घेऊन पोर शेजारच्या सरूला विकलं, नाव ठेवलं कोंडिबा. पोर वाढलं गवराबाईच्याच घरात, पण तिला मावशी म्हणायचं अन् सरूला आय.

पाचव्या वर्षी त्याला ताप चढला तो उतरेना. बाप पिंपरीला, औषधाच्या नव्या कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहायचा. औषधासाठी तिथल्याच साहेबाचे पाय धरायला तो धावत गेला होता. दोघी उशाशी बसल्या होत्या. पोरानं डोळे उघडले अन् गवराबाईचा पदर मुठीत धरला.

"आये."

ओ तिच्या ओठांवर आली. पण मरण दारातच उभं असलं अन् त्यानं ऐकलं तर?

"मी न्हाई रं राजा, मी मावशी. तुजी आय ती बग, सरू."

"आये," पोर पुन्हा तिलाच म्हणालं. तिनं तोंड फिरवलं.

दिवस कलायच्या आत मूठ सैल पडली. सरूनं हंबरडा फोडला. गवराबाई रडली नाही. दबक्या आवाजात तिनं विचारलं,

"सरू, आता तरी ओ देऊ का गं त्याला?"