लक्ष ठेवायला कोणीतरी

"तक्रार घेऊन एरवी मी वर येते," खालच्या मजल्यावरच्या बाई दार अर्धवट उघडून म्हणाल्या. "तुम्ही खाली कसे?"

वरच्या मजल्यावरचे टेलर मास्तर दारात उभे होते. उभे म्हणजे एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. दिवेलागण झाली होती आणि पोटऱ्यांच्या आत रोजचं वळवळणं सुरू झालं होतं. दिवसभर दुकानात शिलाई मशीन पायांनी चालवताना काही होत नसे. मशीन थांबलं, माणूस जरा टेकला, की पाय जागे होत.

"तक्रार नाही. एक काम होतं. नाही म्हणालात तरी चालेल."

"नाही म्हणायलाही आधी ऐकावं लागेल."

बाई टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. सगळी नोकरी लोकांना ‘होल्ड करा’ सांगण्यात गेली, त्यामुळे आता त्या स्वतः कोणासाठी थांबत नसत.

मास्तरांनी दुपारपासून वाक्य जुळवून आणलं होतं, ते दारातच उसवलं. मग सुचेल तसं सांगितलं. पायांचं हे दुखणं खरंच दुखणं आहे. आज मोठ्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं. त्याआधीच्या एकाने कॅल्शियम दिलं होतं, एकाने मनावर घेऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि एकाच्या मते पायांना मशीनची सवय लागली होती, त्यांना वाटतं दुकान अजून उघडंच आहे. मेव्हण्याने अंथरुणात पायथ्याशी साबणाची वडी ठेवायला लावली. पाय होते तसेच राहिले, चादरीला मात्र छान वास आला.

"म्हणजे रात्रभर फेऱ्या घालता त्या यामुळे?"

"चाललं की बरं वाटतं. थांबलं की परत तेच."

"मला वाटायचं, तुम्हाला कसलं तरी टेन्शन आहे. नाहीतर माझ्यावर राग."

मास्तरांनी नाही अशी मान हलवली. "रक्तात आयर्न कमी निघालं, त्याचं औषध सुरू केलंय. पण खरा गुण येईल तो रात्रीच्या एका गोळीने, असं म्हणतात. ती द्यायला डॉक्टर अडलेत."

"महाग आहे?"

"नाही हो. तिच्यामुळे काही जणांचं वागणं बदलतं. कोणी पैसे लावून पत्ते खेळायला लागतं, कोणी खरेदी करत सुटतं. एका बाईंनी म्हणे घरात मिक्सरच मिक्सर आणून ठेवले. आणि ज्याचं बदलतं त्याला स्वतःला पत्ता नसतो. दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं."

डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरी कोण कोण असतं?" "मी," मास्तर म्हणाले होते. डॉक्टर पुढची नावं ऐकायला थांबून राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात काही बदल झाला तर पहिल्यांदा कोणाला कळेल?"

गिऱ्हाईकाची कंबर बोटभर वाढली तर टेप लावायच्या आधी मास्तरांना कळायचं. कोण दुखण्यातून उठलंय, कोणाचं घरी बिनसलंय, हे ते खांद्यांवरून ओळखत. पण मास्तरांचं माप कोणाकडे होतं? भाऊ फोनवर ‘बाकी ठीक?’ विचारायचा आणि उत्तर यायच्या आत ‘चल, ठेवतो’ म्हणायचा. दुकानातल्या कारागिराच्या कानात दिवसभर गाणी. मास्तर उद्या जुगारी झाले असते, तर ते पहिल्यांदा अड्ड्यावरच्या लोकांना कळलं असतं.

"खाली एक बाई राहतात," ते शेवटी डॉक्टरांना म्हणाले होते. "मी कधी उठतो, कधी पडतो, त्यांना सगळं कळतं."

"संबंध चांगले आहेत?"

"भांडण आहे."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "चालेल. विचारून बघा."

हे सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "म्हणजे मी तुमच्यावर पाळत ठेवायची."

"ठेवताच आहात," मास्तर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, ऐकू येतंच ना तुम्हाला. महिन्याभराने डॉक्टर फोन करतील. काही वेगळं वाटलं तर सांगायचं, एवढंच."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर गोळी नाही."

"दुसरं कोणी नाही विचारण्यासारखं?"

मास्तरांनी जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा होता. "नाही."

बाईंनी दाराची कडी उगाच वरखाली केली. "मला तुमचं चालणं माहीत आहे. ओट्यापासून निघता, खिडकीपाशी वळता. डावा पाय जड टाकता. पण वागणं? ते मला कुठे माहीत आहे? बदल कळायला आधी माणूस कसा आहे ते तरी ठाऊक हवं."

नकार सभ्य होता, आणि मास्तरांना सभ्य नकारांची सवय होती. "बरं, त्रास दिला," म्हणून ते जिन्याकडे वळले. दिवसा शहाण्यासारखे वागणारे पाय आता चुळबूळ करत होते.

"निघालात कुठे? आत या. चहा टाकते. बसा."

मास्तर उंबऱ्यापर्यंत परत आले. "बसणं संध्याकाळी जमत नाही."

बाईंनी खाली पाहिलं. इतकी वर्षं नुसते ऐकलेले पाय त्या पहिल्यांदा बघत होत्या. मग आत गेल्या, मधला टीपॉय भिंतीला सरकवला, एक खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली, आणि दारापासून खिडकीपर्यंतची फरशी मोकळी करून दिली.