पपांचा आठवडा

कुमासीच्या इस्पितळात डॉक्टरांनी पपांना स्पष्टच सांगितलं, "मास्तर, फार तर एक आठवडा." पपांनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. डॉक्टर गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

"सेर्वा, दिवसांत मोजलं की फारच थोडं वाटतं गं. सेकंद कर बघू."

"सहा लाख चार हजार आठशे."

"बघ, लखपती झालो! पण उत्तर चुकलं. आपल्या ट्वी भाषेत आठवडा म्हणजे आठ दिवस. सहा लाख एक्क्याण्णव हजार दोनशे."

"पपा, वर्गात कुणी आठ दिवस धरले तर तुम्ही कान पिळायचात!"

"शाळा इंग्रजीत होती, पोरी. मरायचंय मला, मी ट्वीतच मोजणार."

मी ते चुकीचं उत्तर तसंच राहू दिलं.

***

आठव्या दिवशी सकाळी डॉक्टर दारातच थबकले, तेव्हा पपा उशीला टेकून म्हणाले, "या डॉक्टर, तुमचे सेकंद काल संपले, आज माझे चालू आहेत."