आठ्या उतरवण्याचा तास

"तुमचं कपाळ पाहुण्यांना घाबरवतं," साहेब म्हणाले.

स्वागताच्या टेबलामागे उभ्या असलेल्या ताईने हातातलं काम सोडलं नाही. समोरच्या जोडप्याला खोलीची किल्ली दिली, लिफ्ट दाखवली आणि मगच ती वळली. अख्खं हॉटेल तिला ताई म्हणायचं. साहेब नुसतं 'तुम्ही' म्हणून भागवायचे.

"कोणी तक्रार केली का?"

"व्हायची वाट बघू? भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा! वाटतं, ही बाई आता ओरडणार. नवा विभाग सुरू होतोय, बडे लोक येणार. पाहुण्यांच्या नजरेस पडणाऱ्या सगळ्यांनी कपाळात आठ्या घालवायची सुई घ्यायची. माझ्या मेव्हण्याचा दवाखाना आहे. चुटकीसरशी कपाळ गुळगुळीत."

"मी नाही घेणार."

"मग धोबीखान्यात जा. चादरी कोणाला घाबरत नाहीत."

ताईच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "उद्घाटनापर्यंत मुदत द्या. सुईशिवाय आठ्या घालवून दाखवते. नाही जमलं तर माझ्या पायांनी जाईन धोबीखान्यात."

साहेबांना गंमत वाटली. "लागली पैज!"

ताईची धाकटी नणंद लोकांच्या आखडलेल्या माना आणि पाठी मोकळ्या करायचं काम करायची. तिने ताईला खुर्चीत बसवलं, भुवयांच्या मधे अंगठा दाबला आणि म्हणाली, "वहिनी, हा स्नायू आहे की खिळा? झोपतेस किती?"

"एक पाळी संपली की दुसरी गळ्यात मारतात. मधे मिळेल तेवढी."

"आणि चष्मा?"

"टेबलावर चष्मा लावलेला साहेबांना चालत नाही."

"वा! म्हणजे डोळे बारीक करून संगणकाचा पडदा वाचायचा, दात आवळून उभं राहायचं आणि दोष कपाळाचा!" नणंदेने तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि ताईच्या कपाळावर ठेवले. "सुईने स्नायू झोपेल गं. पण त्याला आवळायला लावणारा जागाच राहतो."

मग तिने एकेक शिकवलं. आधी भुवया वर ताणायच्या, क्षणभर धरायच्या आणि एकदम सोडून द्यायच्या. बोटं भुवयांच्या मधून कानाकडे हलक्या हाताने फिरवायची. दात एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. "आवळलंय हे आधी कळू दे. सोडणं मग आपोआप येतं. रेघ पुसून जाणार नाही, पण राग धरून बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी ताई चष्मा लावून टेबलामागे उभी राहिली. साहेबांनी डोळे वटारले.

"पैज जिंकायची तर चष्मा लागणार," ती म्हणाली. "नाहीतर तुम्हीच घाबरलात असं होईल."

साहेब पाय आपटत निघून गेले.

थोड्याच दिवसांत धोबीखान्यातली मावशी जिन्याखाली तिला गाठून म्हणाली, "मलाही शिकव की गं. चहा द्यायला वर बोलावतात म्हणून माझंही नाव सुईच्या यादीत घातलंय. सुईला भीत नाही मी, पण माझं तोंड माझंच राहू दे."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून दोघी पांगल्या. कामाच्या वेळी दोघांनी उभं राहून बोललेलं साहेबांना खपत नसे.

ताई सरळ साहेबांच्या खोलीत गेली. "सगळ्यांनाच शिकवते. उद्घाटनाला अख्खं हॉटेल टवटवीत दिसेल. दुपारी छोटा हॉल रिकामाच असतो. तेवढा द्या."

साहेबांनी तिच्या कपाळाकडे निरखून पाहिलं. फरक पडला होता, नाही म्हणायला जागा नव्हती. "घ्या. पण दार लावून. पाहुण्यांना तमाशा नको."

"आणि तिथला कॅमेराही बंद करा. तोंडं वेडीवाकडी करताना बायकांना लाज वाटते."

साहेब खो-खो हसले आणि त्यांनी स्वतः कॅमेरा बंद केला.

पहिल्या दिवशी मोजक्या बायका आल्या. मग सामान उचलणारे आले, लिफ्टवाला आला. ज्याच्या कपाळावर औषधालाही आठी नव्हती, तो आचारीही येऊ लागला. साहेबांनी एकदा टकटक करून आत डोकावलं, तर सगळे डोळे मिटून, कपाळावर तळवे ठेवून गप्प बसलेले. ते दार हळूच ओढून घेऊन परतले. संध्याकाळी मेव्हण्याला फोनवर म्हणाले, "तुझी सुई टोचायच्या आधीच माझी माणसं मेंढरांसारखी शांत झालीत."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ते टेबलाशी थांबले. "हरलो बुवा. कपाळ कसं आरशासारखं झालंय. बाकीच्यांनी मात्र सुई घ्यायचीच. मेव्हण्याला शब्द दिलाय."

"बरं," ताई म्हणाली.

सकाळी गाड्या लागल्या. पाहुणे उतरले, पण सामान घ्यायला कोणी पुढे आलं नाही. लिफ्ट बंद होती. स्वयंपाकघरातली चूल थंड होती. अख्खं हॉटेल बाहेरच्या पायऱ्यांवर बसलं होतं. आचारी, लिफ्टवाला, झाडूवाल्या आणि सगळ्यांच्या पुढे मावशी.

"दुहेरी पाळी बंद करा आणि सुईचा हुकूम मागे घ्या," मावशी म्हणाली. "चहा त्यानंतर."

साहेब लालबुंद होऊन आत धावले. टेबलामागे ताई एकटीच उभी होती.

"तुम्ही तरी आहात! कोणी फितवलं यांना? कधी दोघांना उभं राहून बोलू दिलं नाही मी. हे सगळे एकत्र आले कुठे?"

ताई टेबलामागून बाहेर आली आणि दाराकडे चालू लागली.

"छोट्या हॉलमध्ये, साहेब. कपाळाला पाच मिनिटं पुरायची. उरलेला वेळ मी त्यांना हेच शिकवत होते."