ग्लिनची किंकाळी

"आज किंकाळी मी स्वतः फोडणार. टेप लावलास तर तंगडं मोडीन तुझं!" ग्लिन घोगऱ्या आवाजात ओरडला.

नॉर्मन गिटारच्या तारा जुळवत होता. "अरे बाबा, घशाची पार वाट लागलीय तुझ्या. महिनाभर टेपच लावतोय ना आपण? कुणाला कळलं?"

"आज आई येतेय."

आईपुढे लबाडी नको असेल बिचाऱ्याला, असं नॉर्मनला वाटलं.

त्यांच्या 'टिप्टन हॅमर' बँडला नाव मिळालं ते त्या किंकाळीनं. पहिल्याच तबकडीतलं पहिलंच गाणं. किंकाळी ऐकली की भल्याभल्यांच्या अंगावर काटा यायचा. ग्लिनला तशी पुन्हा कधी जमली नाही. तरुणपणीचा गळा तो, चाहते म्हणायचे, परत कुठून आणायचा?

ती तबकडी भरली होती आयव्हीच्या, म्हणजे ग्लिनच्या आईच्या, पुढच्या खोलीत, उसन्या टेपरेकॉर्डरवर. तो हिवाळाच मेला वाईट. त्याच हिवाळ्यात ग्लिनचा धाकटा भाऊ कीथ ओतकामाच्या कारखान्यात अपघातात गेला. तेव्हाच्या चौघा वादकांपैकी आता ग्लिन एकटाच उरला होता; नॉर्मन बराच नंतर आलेला.

आयव्हीनं आजवर पोराची एकही तबकडी ऐकली नव्हती. ग्लिननं तबकडी कधी घरी नेलीच नाही. पण आता निरोपाचा कार्यक्रम, तोही डडलीत, घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि म्हातारीच्या कानात नवं यंत्र. ती हटूनच बसली.

कार्यक्रम दुपारचा ठेवला होता. चाहत्यांचेही गुडघे आता कुरकुरतात. आयव्ही चर्चला जायचा कोट घालून आधी रंगमंचामागे आली.

"आवाजाला काय झालं रे? मिठाच्या गुळण्या केल्यास का?"

"केल्या गं. आई, पहिलं गाणं फार कर्कश आहे. तेवढं होईपर्यंत बाहेर चहा घेतेस?"

"खुळा की काय! चहा घरी मिळत नाही मला? मरायच्या आधी आपला ग्लिन काय करतो ते एकदा ऐकू दे की."

ग्लिनला लहान पोरासारखं रडू येत होतं.

दिवे मालवले. आयव्ही पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. ग्लिननं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. नॉर्मनला दया आली. त्यानं ध्वनिवाल्याला खूण केली.

"नको!" ग्लिन वळला, पण उशीर झाला होता.

किंकाळी सभागृह चिरत गेली. लोकांनी एकच जल्लोष केला. मग तबकडीत असते तशी शांतता आली, आणि सवयीनं सगळे गप्प झाले.

आयव्ही रंगमंचाची कड धरून उभी होती. कानातल्या यंत्रावर तिचा हात होता.

"ग्लिन," ती म्हणाली, "आपला कीथ गेल्याचं सांगायला पोलीस दारात आला आणि मी ओरडले, तेव्हा तुमचा टेप चालूच होता?"